वाफेखालची बिलं

लॉन्ड्रीवाल्याने वाफेच्या मशीनचं झाकण वर केलं आणि त्याचा हात दांड्यावरच राहिला.

खाली त्याने बिलं ओळीने मांडली होती. साबणाची, सोड्याची, हँगरची, धुतलेल्या कपड्यांवर घालायच्या पिशव्यांची. दुकानासाठी घेतलेल्या मालावर जो कर भरला, तो ही बिलं दाखवली की परत मिळतो. बायकोच्या पर्समधून ती निघाली तेव्हा त्यांचे बोळे झाले होते. चुरगळलेली वस्तू कुणाच्या हातात द्यायची त्याला लाज वाटली. चादर पसरावी तशी त्याने एकेक पसरली, वरून ओलसर फडकं टाकलं आणि झाकण दाबलं.

आता फडक्याखाली एक अक्षर शिल्लक नव्हतं. बिलं कोळशासारखी काळी झाली होती. सुरकुती मात्र एकही नव्हती.

"काका, वास कसला येतोय?"

हिशेब बघणारी मुलगी काउंटरवर कॉम्प्युटर उघडून बसली होती. दरवर्षी ती काकूंबरोबर बसायची. काकांबरोबर बसायची तिची ही पहिलीच वेळ. ती उठून आली आणि बघून तिने तोंडावर हात ठेवला.

"मशीनमध्ये घातलीत?"

"चुरगळली होती."

"अहो काका, ह्या कागदावर शाई नसतेच. कागदाला चटका देऊन अक्षर उमटवतात. तुम्ही अख्ख्या बिलालाच चटका दिलात."

"निघेल का हे?"

त्याने एका बिलावर नखाने खरवडून पाहिलं. डाग काढण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. लोक लांबून कपडे आणायचे.

"डाग नाहीये तो," ती हळूच म्हणाली. "उरलंय का एखादं तरी?"

"सगळीच घातली. म्हटलं, एका दमात होऊन जाईल."

तो स्टुलावर बसला. परत येणाऱ्या पैशातून मशीनचा गळका बॉयलर बदलायचा, असं बायकोने ठरवून ठेवलं होतं. तो बंद पडला की दुकानही बसणार. आणि कराचे कागद भरायची मुदत उद्याची होती.

"घाबरू नका," मुलगी म्हणाली. "माल कुणाकडून यायचा? त्यांच्याकडे नकला असतात."

"साबणवाल्याकडून. सगळं तिथलंच. आणायला ती जायची."

"मग झालं तर. दोन गल्ल्या सोडून तर आहे. जाऊन या."

तो जागचा हलला नाही. बायको गेल्यापासून त्या गल्लीत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. साबण संपला की दूरच्या दुकानातून मागवायचा, पैसे जास्त पडले तरी. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळे कुणी काही विचारत नव्हतं. मशीनही तो आताशा दिवसभर चालूच ठेवायचा, काम असो नसो. त्याच्या आवाजात गिऱ्हाईक फार बोलत नसे.

"फोन लाव," तो म्हणाला.

तिने नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"बोला लॉन्ड्री," पलीकडून साबणवाला म्हणाला. "आहात कुठे? वहिनींनी आमचं दुकान सोडलं की काय?"

"बिलांच्या नकला हव्या होत्या. वर्षभराच्या."

"का? दिलेली काय झाली?"

"खराब झाली. माझ्या हातून."

साबणवाला जोरात हसला. "केलंत ना शेवटी? वहिनींनी मला बजावून ठेवलंय. म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या हातात बिल म्हणून देऊ नका. एक तर खिशात ठेवून धुऊन टाकतील, नाही तर इस्त्री करतील."

मुलीने मान खाली घातली.

लॉन्ड्रीवाला समोरच्या काळ्या पट्ट्यांकडे बघत राहिला. आपल्या पाठीमागे कुणाच्या तरी दुकानात उभं राहून तिने आपली चेष्टा केली होती. तिला माहीत होतं. पैज लावली असती तर जिंकली असती.

"हॅलो? रागावलात का काय?" साबणवाला म्हणाला. "नकला आत्ता काढतो हो. पण तुमच्या हातात देणार नाही. वहिनींनाच पाठवा. त्यांचे निळे हँगर आलेत. किती जणांनी मागितले, पण त्यांच्यासाठी म्हणून गठ्ठा बाजूला ठेवलाय. द्या बघू त्यांना फोन."

मुलीने हात पुढे केला. "द्या काका, मी बोलते."

त्याने नकारार्थी मान हलवली. तो उठला, भिंतीपाशी गेला आणि मशीनचं बटण बंद केलं. वाफ सुस्कारा टाकल्यासारखी निघून गेली. दुकान गप्प झालं. बाहेरून जाणाऱ्या माणसांच्या चपलांचा आवाज आत येऊ लागला.

"काय हो," साबणवाला म्हणाला, "मशीन बंद पडलं वाटतं?"

"पडलं नाही. मीच बंद केलं." त्याने फोन दोन्ही हातांत धरला. "तुम्ही उभे असाल तर आधी बसून घ्या."