बिनकपड्याची बटणं

"एवढी बटणं त्या वाटीत टाका, मग साखर घातलेला चहा," लेक म्हणाली.

बाबांनी वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. त्याच हाताने त्यांनी उभा जन्म लोकांचे कपडे शिवले होते. बोटांत जीव येतोय, फक्त रोज व्यायाम करून घ्या, असं फिजिओ बजावून गेली होती. म्हणून लेक रोज सकाळी नवं आमिष काढायची. टाळ्या वाजवून झाल्या, टीव्हीची लालूच दाखवून झाली. आजचं आमिष होतं डॉक्टरांनी बंद केलेली साखर.

"बिनकपड्याची बटणं इकडून तिकडे!" बाबा पुटपुटले. "मी काय सर्कशीतला पोपट आहे? चहा तूच पी."

आणखी विनवण्या करायला वेळ नव्हता. ऑफिसची गाडी यायची वेळ झाली होती. लेक रागारागाने उठली, तशी कुर्त्याची कड खुर्चीच्या खिळ्यात अडकली आणि टर्रकन उसवली.

"आता हेच राहिलं होतं!" सुईदोरा घेऊन ती परत बसली आणि मिळतील तसे टाके घालू लागली.

"अगं, कड शिवतेस की पोतं?"

"चालतंय, बाबा. कोण बघतंय वाकून?"

"मी बघतोय ना! आण इकडे."

ती जवळ सरकली. बाबांनी डाव्या हाताने कड मांडीवर दाबून धरली. उजव्या चिमटीत सुई आली आणि निसटली. पुन्हा आली, पुन्हा निसटली. त्यांच्या कपाळावर घाम डवरला. लेकीने मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी कोपराने बाजूला सारला. शेवटी सुई कापडातून आरपार गेली.

"शाब्बास" अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

बाबांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. श्वास रोखून ते पुढच्या टाक्याकडे वळले होते, मग त्याच्या पुढच्या. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

बाबांनी मान वाकवून कड निरखली, तोंड वाकडं केलं आणि सुईच्या टोकाने आपलेच टाके एकेक करून उसवायला घेतले.

"तिरके आलेत. पुन्हा घालतो. हलू नकोस."

ती हलली नाही. हॉर्न आणखी एकदा वाजला आणि गाडी निघून गेली.