दुपारचं विमान

१९५४. कलकत्त्यात, बालीगंजच्या फ्लॅटमध्ये सकाळीच मुंबईहून तार आली: आई अत्यवस्थ, लगेच निघ. वत्सलाने विमान कंपनीत फोन केला. दमदमहून मुंबई हजार मैल, सहा तासांचा प्रवास. दुपारच्या विमानात एक जागा होती. नवरा, श्रीधर, आसामात दौऱ्यावर होता. सासरे म्हणाले, “घरच्या सुनेनं एकटीनं विमानात बसायचं? परवा श्रीधर येईल, मग मेलनं दोघं जा. दोनच रात्री तर काढायच्या.” वत्सलाने बॅग भरून दाराशी ठेवली आणि दुपारभर गॅलरीचे गज धरून ती उभी राहिली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तार आली. आई रात्री गेली होती. सासरे फोनकडे वळले. “विमानाचं तिकीट मागवतो,” ते म्हणाले. वत्सलाने बॅग उचलली. “आता घाई कसली, मामंजी? मी गाडीनंच जाते, आजच, एकटी. परत कधी येणार, ते मात्र मला विचारू नका.”