निवलेलं पाणी

"पद्मिनी गेली," प्रसादने दारातूनच बायकोला सांगितलं आणि पायातल्या चपलाही न काढता तो पुन्हा जिना उतरला. खाली जयसिंगजवळ कुणीतरी बसायला हवं होतं.

पद्मिनी म्हणजे जयसिंगची बायको, बरोबर खालच्या क्वार्टरमधली. पोटुशी होती. डोळे पिवळे दिसले म्हणून तिला हॉस्पिटलात नेलं, आणि आता ही बातमी.

स्वरदा पलंगावर पडून होती. तिलाही आठवा लागला होता. बाळंतपणाला सांगलीला माहेरी जायचं ठरलं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला, म्हणून आईच लखनौला आली. त्यात आलमबागकडच्या या रेल्वे वसाहतीत कावीळ शिरली. डॉक्टरीणबाईंनी काही आडपडदा ठेवला नव्हता. "आख़िरी महीनों में यह पीलिया हो जाए, तो हमारे हाथ में ज़्यादा कुछ नहीं रहता. पानी सँभालिए. ख़राब पानी आज पिएँगी, तो पता हफ़्तों बाद चलेगा."

स्वरदा घाबरली होती. बाहेर लूचे गरम वारे वाहत होते, वीज गेल्यामुळे पंखा बंद होता, आणि तिचे हातपाय मात्र गार पडले होते. ती पोटावर हात ठेवून बाळ हलायची वाट बघत राहिली. ते हललं, तरी भीती काही जाईना.

खालच्या रस्त्यावरून भोंगा लावलेली रिक्षा चालली होती. "पानी उबालकर ही पिएँ. उबालकर ही पिएँ."

"ऐकलंस ना?" आई तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली. "आपण तेच करतोय. उगीच जिवाला लावून घेऊ नकोस. मी आल्यापासून न उकळलेला थेंब तुझ्या पोटात जाऊ दिलेला नाही. चांगलं खळाखळा उकळते."

हे खरं होतं. आल्या दिवसापासून आईने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. लेकीला ओट्यापाशी फिरकू देत नव्हती. पाणी मागितलं की तांब्या हातात यायचा, आणि पाणी कसं, घटाघटा पिता येईल असं निवलेलं.

"आई, पाणी दे गं," स्वरदा म्हणाली. घशाला कोरड पडली होती.

आई उठून आत गेली. खालून बायकांचं रडणं ऐकू यायला लागलं. स्वरदाला त्या खोलीत एकटीला राहवेना. भिंतीचा आधार घेत ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

आईने पातेल्यातलं वाफाळतं पाणी तांब्यात ओतलं. अर्धा तांब्या भरला. मग कोपऱ्यातल्या बादलीत, सकाळी नळाखाली भरलेल्या बादलीत, तिने पेला बुडवला आणि वरचा अर्धा तांब्या त्या पाण्याने भरला. करंगळी बुडवून पाहिली. आणखी थोडं घातलं.

"हे काय करतेयस?"

आई दचकली. "उठलीस कशाला तू? अगं, विसण घालतेय. आत्ता उतरवलंय, कढत आहे अजून."

"रोज घालतेस?"

"मग? या उकाड्यात कढत पाणी पाजू होय तुला?" आई हसली. "लहानपणी आंघोळीचं पाणी जरा गरम लागलं, तरी घर डोक्यावर घ्यायचीस. विसण घातल्याशिवाय तांब्या अंगावर ओतू द्यायची नाहीस."

स्वरदाने बादलीतल्या पाण्याकडे पाहिलं. आई यायच्या आधी ती स्वतःच रात्री पाणी उकळायची आणि झाकून ठेवायची. सकाळपर्यंत ते आपसूक निवायचं. आई आली, पाण्याची काळजी आईकडे गेली, आणि ती निर्धास्त झाली. आईला येऊन महिना उलटून गेला होता.

आई तांब्या पुढे करून उभी होती. तिच्या तोंडावर अजून ते हसू होतं. एवढ्या लांबून, भाषा येत नाही अशा गावात, गुडघे दुखत असताना ती फक्त लेकीसाठी आली होती. हिला हे सांगायचं कसं, स्वरदाला समजेना. आणि न सांगून चालणार नव्हतं.

"आजपासून विसण नको घालूस," ती जमेल तितक्या सहज आवाजात म्हणाली. "झाकून ठेव नुसतं. निवलं की पिईन मी."

"अगं, पण ते निवेपर्यंत—"

आई मध्येच थांबली. तिने तांब्याकडे पाहिलं. मग बादलीकडे. ती काही खुळी नव्हती. रिक्षा वसाहतीला वळसा घालून परत येत होती आणि भोंग्यातला माणूस पुन्हा पुन्हा उकळायलाच सांगत होता. त्यापुढचं काही सांगत नव्हता.

तांब्यातलं पाणी आईने मोरीत ओतलं. पातेल्यातलंही ओतलं. पातेलं घासलं, पुन्हा भरलं आणि गॅसवर चढवलं. काडी पेटायला वेळ लागला. गॅस लागल्यावर ती लेकीकडे पाठ करून तिथेच उभी राहिली. पाणी तापायला लागलं, उकळायला लागलं.

"स्वरदा," बऱ्याच वेळाने आई म्हणाली. वळली नाही. "मला येऊन किती दिवस झाले गं?"

स्वरदाने दाराची चौकट घट्ट धरली.

"कालच तर आलीस," ती म्हणाली.