लटारूनं दाखवायची ठिकाणं

“लटारू नाही म्हणजे? मग मला रान कोण दाखवणार?”

पिंपळापुरे साहेबांनी खांद्यावरचा कॅमेरा काढून ओसरीवर ठेवला. इकडची बघण्यासारखी ठिकाणं एकट्या लटारूला ठाऊक, असं त्यांना नागभीडला गाडीतून उतरताच दोघातिघांनी सांगितलं होतं. साहेब प्रवाशांसाठी एक पुस्तक लिहीत होते. माणूस सडाफटिंग, नागपूरहून निघाला की महिना महिना हिंडायचा.

“येन तो,” ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली लटारूची आई, सुगंधाबाई म्हणाली. “भादव्यात गेला, तवाचा आला नाई. वडशाले नाटकात शिरला म्हंते. लई शौक त्याले. मन भरलं का येन.”

वडशाची ही बातमी लटारूच्या बायकोनं, मनकर्णानं, बाजारातून आणली होती. कोणी पाहिलं, कोणत्या नाटकमंडळीत, हे काही नीट कळलं नव्हतं. पण त्या बातमीनं म्हातारीनं अंथरूण सोडलं. त्याआधी ती अन्नाला शिवत नव्हती. आता लेक येणार एवढ्या एका भरवशावर ती उठत होती, दोन घास खात होती. तो भरवसा तुटला तर म्हातारी राहायची नाही, हे सारं गाव जाणून होतं. म्हणून गावानंही त्या बातमीला कधी फाटे फोडले नाहीत.

“मी दाखवीन रान,” मनकर्णा दारातून म्हणाली. “त्याईनं मले सारं दाखवलं हाये.”

साहेब जरा कुरकुरले. पण दुधाची तहान ताकावर भागवणं त्यांना भाग होतं.

“जाय,” म्हातारी म्हणाली. “अन् रानात आवाज देत जाजो वो. वडशाहून येता येता इकडंच कुठी बसला असन तं आयकन.”

मनकर्णानं मान डोलावली.

पहिलं ठिकाण तलाव. तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये निळं पाणी आणि पाण्यावर बदकांचे थवे. साहेब हरखले. काश्मीरला जायचं कारणच काय, असं पुस्तकातलं एक वाक्य त्यांना तिथल्या तिथं सुचलं. काश्मीर त्यांनी पाहिलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

ते कॅमेऱ्याशी खटपट करत होते तेव्हा मनकर्णा तलावाच्या मातीच्या पाळीवर उभी राहिली. तिनं मागंपुढं पाहिलं. तोंडाशी हात नेला, पण आवाज फुटेना. साहेबांना वाटलं, बाई दमली. मग ती बारीक आवाजात म्हणाली, “लटारू.”

थोडं थांबून तिनं पुन्हा हाक मारली. या वेळी आवाज डोंगरापर्यंत गेला. बदकं उडाली आणि साहेबांचा फोटो हुकला. नवरा हरवलेल्या बाईवर काय रागवायचं?

दुसरं ठिकाण टेकडीचा माथा. चढताना साहेबांची दमछाक झाली. वर मात्र सगळं रान पायाखाली पसरलं होतं. मोहाची पानं गळत होती, पळस नुकता कुठे तांबडा दिसायला लागला होता.

“इथं काय काय दाखवायचा लटारू?”

“थे नदी. थो बांबूचा पट्टा. संध्याकाळी इथून गावातले दिवे दिसतेत.” ती जरा हसली. “मले लग्नाच्या साली आणलं होतं. परत जाऊच नये वाटे.”

मग ती कड्याशी गेली आणि हाका मारायला लागली. आता तिला कोणाची भीड नव्हती. लटारू, लटारू, लटारू. घसा बसेपर्यंत तिनं हाका मारल्या. वडसा तिथून कितीतरी लांब, आणि ही बाई झाडाझुडपांना नवरा मागत होती.

शेवटचं ठिकाण डोह. काळ्या खडकांमधून ओढा खाली यायचा आणि साचून राहायचा. पाणी इतकं स्वच्छ की तळाची वाळू दिसावी. साहेबांच्या मते सगळ्यांत सुंदर जागा हीच. पुस्तकात पहिला फोटो याचाच टाकायचा, असं त्यांनी ठरवलं.

“त्या खडकावर उभी राहतेस का? म्हणजे फोटोत खोली कळेल.”

“नाई,” मनकर्णा म्हणाली. ती पाण्याकडं पाठ करून बसली होती.

“बरं, इथं हाक नाही मारलीस?”

“इथी कायले मारू?” ती म्हणाली आणि उठून वाटेला लागली.

दिवस कलायला आला तेव्हा ती दोघं घरी पोचली. मनकर्णा पाणी आणायला आत गेली. सुगंधाबाईनं साहेबांना खाट दिली आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या नजरेनं साहेब कासावीस झाले. काहीतरी चांगलं बोलावं, म्हातारीला तेवढाच धीर, असं त्यांना मनापासून वाटलं.

“आजी, सून लाखात एक मिळाली तुम्हाला. जाईल तिथं उभी राहून लटारू, लटारू म्हणून हाका मारत होती. घसा बसला तिचा.”

म्हातारीचा तांदळातला हात थांबला.

“नाव घेऊन?”

“हो, चांगलं खणखणीत. फक्त त्या डोहापाशी काही तिनं हाक मारली नाही.”

मनकर्णा पाण्याचा गडवा घेऊन उंबऱ्यात आली होती. तिथंच उभी राहिली. म्हातारीनं तिला हातानं जवळ बोलावलं आणि आपल्यापुढं बसवलं. मनकर्णानं गडवा दोघींच्या मधे ठेवला. साहेबांना आपलं काय चुकलं ते कळेना.

“जित्या नवऱ्याचं नाव कोनतीच बाई घेत नाई, साहेब,” म्हातारी म्हणाली, आणि पदराचं टोक गडव्यात भिजवून सुनेच्या कपाळावरचं कुंकू पुसायला लागली.