वाटीतलं विरजण

फ्रिजच्या कोपऱ्यात प्लॅस्टिक ताणून झाकलेली वाटी होती. तळाशी चमचाभर दही. मी ते भातावर घेतलं आणि वाटी घासून ठेवली.

संध्याकाळी सासूबाई दूध कोमट करून फ्रिजपाशी गेल्या. "अगं, विरजण खाल्लंस? सदतीस वर्षं रोज चमचाभर मागे ठेवतेय मी!"

लग्नाला जेमतेम आठवडा झालेला. मी रडवेली होऊन म्हटलं, "शेजारून आणते."

"काही नको. नवी असताना मीपण माझ्या सासूचं असंच फस्त केलेलं. तू खाल्लंस ते माझ्या आईनं बार्शीहून पाठवलेलं. आता तुझ्या आईला सांग."

रविवारी माझी आई आली, वाटीला प्लॅस्टिकचे तीन वेढे घालून. सासूबाईंनी चमचा माझ्या हातात दिला. "तूच लाव. आणि पुढेमागे तुझ्या सुनेनं खाल्लं, तर ओरडू नकोस. माहेर कुठलं, एवढंच विचार."