दुसऱ्याच्या पत्रातलं

"हे गावच्या शिबिराचं तर शेरीफच्या पत्रात होतं." डॉक्टर इज्जतनी चष्मा कपाळावर चढवला. "त्याचं उचलून तू स्वतःला चिकटवतेस?"

निर्मीन टेबलासमोर उभीच होती. दंतवैद्यकाच्या पुढच्या शिक्षणासाठी तिने कॅनडाच्या कॉलेजात अर्ज केला होता. सगळे कागद गेले होते, फक्त हे शिफारसपत्र राहिलं होतं आणि त्याची मुदत आज संध्याकाळी संपत होती. दुपारपासून ती साहेबांच्या दुक्की भागातल्या खासगी दवाखान्यात, गाल धरून बसलेल्या पेशंटांमध्ये ताटकळत होती. प्राध्यापक कॉलेजात सापडतात थोडेच! पत्रही आपलं आपणच लिहून न्यायचं, तारीफसुद्धा आपणच करायची. साहेब खाली सही ठोकतात. कैरोत हे कुणाला शिकवावं लागत नाही.

"शेरीफचं पत्र मीच लिहिलं होतं, डॉक्टरसाहेब. तुम्हीच सांगितलंत, तुझं इंग्रजी चांगलं आहे म्हणून."

"मग?"

"शेरीफ कधी वॉर्डात फिरकलाच नाही. त्याच्याबद्दल लिहिणार काय? म्हणून मी माझंच घातलं. शिबिर मी घेतलं होतं. ते भेदरलेलं पोरगं, न रडता दात काढू दिला ते, माझ्याच खुर्चीत होतं."

हे तिने मनाच्या मोठेपणाने केलं नव्हतं. तिच्या वर्गातल्या या शेरीफच्या बापाचं इस्पितळ होतं आणि तिथल्या दंतविभागाचे प्रमुख डॉक्टर इज्जतच होते. पत्र झकास झालं की साहेब खूश होतील, मग आपलं काम चुटकीसरशी होईल, असा तिचा साधा हिशोब होता. शेरीफही त्याच कॉलेजला अर्ज करणार आहे, हे तिला फार उशिरा कळलं.

"पोरी, लिहिलंस तू, पण सही माझी आहे," साहेब म्हणाले. "माझी सही झाली की ते खरं. आता तेच शिबिर, तेच पोरगं, दोघांच्या नावावर एकाच कॉलेजला कळवू? रोजा आहे माझा. रोज्याच्या तोंडाने खोटं बोलायला सांगतेस?"

निर्मीनला साहेबांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचाच आला.

"मग मी काय लिहू, साहेब?"

"तुझं स्वतःचं असेल ते लिही. आणि लवकर आटप. रोजा सोडायला मगरीबच्या आत मला घरी पोचायचंय."

बाहेर साहेबांच्या सेक्रेटरी मदाम सौसननी तिला आपल्या कॉम्प्युटरसमोर जागा करून दिली. "तोंड कशाला पाडतेस गं? त्या शेरीफकडून शीक जरा. सकाळी आला, साहेबांच्या इफ्तारसाठी बसबूसा मिठाईचं खोकं ठेवलं, हसत हसत गेला."

निर्मीनने शिबिर खोडलं. ते पोरगं खोडलं. रमजानमध्ये सगळे घरी पळायचे तेव्हा ती एकटी वॉर्ड सांभाळायची, तेही खोडलं, कारण तेही शेरीफला देऊन झालं होतं. मग ती कितीतरी वेळ कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली. शेवटी तिने लिहिलं: निर्मीन वेळेवर येते. हत्यारं स्वच्छ ठेवते. सांगितलेलं काम करते.

साहेबांनी कागद हातात घेतला. या वेळी त्यांनी प्रत्येक ओळ सावकाश वाचली. मग पेनाचं टोपण काढलं आणि झोकात सही केली.

"बघ," कागद तिच्यापुढे सरकवत ते म्हणाले, "आता कसं खरं वाटतं."