एक्क्याण्णव टक्के

कुठलं अँटिबायोटिक किती टक्के जंतूंवर चालतं, याचा तक्ता सगळ्या रुग्णालयांनी एकाच पद्धतीने भरायचा, असं बैठकीत ठरत आलं होतं. मी आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची प्रमुख. मीच त्यात मोडता घातला. औषधाने जंतू अर्धवट दबला, तरी आम्ही तो 'चालतं'च्या रकान्यात टाकायचो. आकडा कसा देखणा दिसायचा! "आमची पद्धत वर्षानुवर्षं चालत आलीय," असं ठणकावून मी तो विषय पुढच्या वर्षावर ढकलला.

आठवड्याभराने धाकट्या भावाचा दुसऱ्या गावाहून फोन आला. आईला लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता आणि त्याने तिला तिथल्याच दवाखान्यात ठेवलं होतं.

"ताई, आज चौथा दिवस, ताप हटत नाहीये. आत्ता आईचा रिपोर्ट आलाय. जंतू या औषधाने अर्धवटच दबतो म्हणे."

"कुठलं औषध?"

त्याने नाव सांगितलं. आमच्या तक्त्यात त्या नावापुढे एक्क्याण्णव टक्के होते.

"डॉक्टरांनी हे निवडलंच कसं?" मी उगाचच आवाज चढवला.

"ते दुसरं देणार होते गं. बाकीच्या रुग्णालयांच्या तक्त्यांत याचे साठच टक्के होते. मीच तुमचा तक्ता मोबाइलवर दाखवून हट्ट धरला. म्हटलं, बाकीचे काहीही लिहू देत, यावर माझ्या ताईची सही आहे."